यंत्राला कान असतात

दातांच्या डॉक्टरांनी घरात गाण्यांचं नवं यंत्र आणलं, तेव्हा बायकोने एवढंच सांगितलं, "दोनातलं एकच राहील. दुकानदार आज सहापर्यंत परत घेतोय. पटवून दे."

जुनं यंत्र चपलांच्या कपाटात नऊ वर्षं घरघरत होतं. नवं त्याचीच पुढची आवृत्ती: वहीएवढं, मुकं आणि डॉक्टरांच्या मते माणसापेक्षा हुशार. "गाणी हे स्वतः ऐकतं आणि स्वतःच गटागटांत लावून ठेवतं. आपण बोटही लावायचं नाही," ते म्हणाले. जुन्यातली सगळी गाणी त्यांनी नव्यातही भरली, नव्याची यादी टीव्हीच्या पडद्यावर घेतली आणि परीक्षक म्हणून सासऱ्यांना खुर्चीत बसवलं.

सासऱ्यांनी एक जुनं भावगीत मागितलं. जुन्या यंत्राने ते शोधेपर्यंत त्यांचा चहा पिऊन झाला. नव्याने कप उचलायच्या आत लावलं.

"जावईबापू, नवं पुढे आहे," सासरे म्हणाले.

"आता मी कॉलेजात गायलेलं लाव. बक्षिसाचं," बायको म्हणाली.

जुन्याने खोकत खोकत लावलं. नव्याच्या गाण्यांत मात्र ते कुठेच नव्हतं. डॉक्टर शोधत खाली गेले, आणखी खाली गेले आणि थांबले. पडद्यावर वीतभर अक्षरांत 'प्राणी व पक्षी' असं लिहिलं होतं. त्याखाली कोकीळ, बायको आणि शेळी.



"शेळीच्या वर आहे," सासऱ्यांनी लेकीची बाजू घेतली.

"खोक्यात भर," बायको म्हणाली.

"अगं, यंत्राला काय कळतंय?"

"मघाशी माणसापेक्षा जास्त कळत होतं."

साडेपाच वाजले होते. यंत्राचा कुणावर राग नाही, ते सगळ्यांना सारखंच वागवतं, हे सिद्ध करायला डॉक्टरांनी स्वतःचं व्हायोलिन यादीत शोधायला घेतलं. सहा वर्षांच्या रियाजाची दोनशे चौदा ध्वनिमुद्रणं होती. जुनं यंत्र त्यातलं एक रोज पहाटे साडेसहाला घरभर वाजवायचं आणि ते बंद कसं करायचं हे फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं.

पडद्यावर उत्तर आलं: 'संगीत आढळले नाही. २१४ बिघडलेल्या फायली काढून टाकल्या आहेत.'

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग अगदी हळू आवाजात, देवळात बोलावं तसं म्हणाले, "सगळ्या?"

"नवंच ठेवू," बायको म्हणाली.

डॉक्टर एव्हाना खोकं शोधायला लागले होते. "जुन्याच्या आवाजात एक ऊब होती, ती यात नाही. आणि हे धडधडीत चुकतंय. अगं, तुला प्राण्यांत घातलंय त्याने."

"घातलंय ना," ती जुन्याची वायर गुंडाळत म्हणाली. "काढून तर नाही टाकलं."