पोरगं बोलायलंय

माणिकराव कॉम्प्युटरला कान लावून बसायचे. खरोखरचा कान, पडद्यापासून वीतभर अंतरावर. हाक मारली तर बोट वर करायचे. "थांबा. पोरगं बोलायलंय."

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. परभणीच्या एका कचेरीत मी नवी टायपिस्ट. अक्कल पावशेर, तोरा पायलीभर. पोरगं कोण, हे विचारायला कमीपणा वाटला, म्हणून माणिकरावांना बाहेरची बाधा झालीय असं मीच ठरवून टाकलं. गावाकडच्या देवीचा अंगारा आणून की-बोर्डवर चिमूटभर सोडला. दोन बटणं अडकली. माणिकरावांनी ती दाढीच्या जुन्या ब्रशनं साफ केली, आणि न रागावता मला शेजारी बसवून पोरगं म्हणजे काय ते सांगितलं.

त्यांचा एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला कामाला जुंपायचा. जुंपणारा बाप, राबणारं पोरगं. पोरगं गावोगावच्या पावसाची बेरीज करायचं आणि एकेक गाव संपलं की एक ओळ बोलायचं. ती ओळ बापानं दोघांमधल्या जोडणीतून, माणिकरावांच्या भाषेत नळीतून, ऐकून तेव्हाच्या तेव्हा पडद्यावर दाखवावी, एवढीच त्यांची हाव. पण पडदा तासभर कोरा राहायचा आणि शेवटी वालूर, ताडकळस, सगळी गावं एकदम अंगावर यायची.

"एकटं असलं की ओळीओळीनं बोलतंय," ते म्हणायचे. "बापाची नळी लावली की गिळायलंय. पोट भरल्याबिगर तोंड उघडत न्हाई."

शेवटी आकडे येतात ना, मग झालं, असं साहेब म्हणत. मीही तेच म्हणायची, वर दात काढून. त्याच वर्षी माणिकरावांची लेक सुमन राणीसावरगावचं सासर सोडून माहेरी आली होती आणि महिनाभर घरात अवाक्षर बोलली नव्हती. हे मला ठाऊक होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला जे लागतं, ते तेव्हा माझ्यापाशी नव्हतं.

एका दुपारी माणिकरावांना खोट सापडली. बाप बरोबरच होता. पोरगं ओळी पोटात साठवत होतं; प्रत्येक ओळ झाल्यावर त्यानंच ती बाहेर ढकलायला हवी होती. पोरग्याच्या प्रोग्राममध्ये तसा हुकूम घातला आणि गावं एकामागून एक उमटू लागली. मी म्हटलं, आकडे तर तेच, एवढा जीव कशापायी टाकलात?

ते पडद्याकडेच बघत बोलले. "सुमनला दर दिवाळीला इचारायचो, बरी हायेस का. बरी हाय म्हणायची. सहा वर्षं. मंग एकदम पेटीच घिऊन आली." जरा थांबले. "मशिनीत हुकूम घालता आला, बाई. लेकीला कुठनं घालू?"

 

दोन दिवसांनी त्यांचा विसरलेला डबा द्यायला मी घरी गेले. ओसरीवर सुमन ज्वारी निवडत होती. माणिकराव शेजारी बसलेले, पायात चपला तशाच. सुमन सुपावरून मान वर न करता म्हणाली, "सासरी मला जेवायला सगळ्यांच्या मागून द्यायचे."

माणिकराव नुसतं "हं" म्हणाले.

सुमन पुन्हा ज्वारी निवडू लागली. माझ्या जिभेला कुठला दम? मी तोंड उघडणार, एवढ्यात माणिकरावांनी माझ्याकडे न बघताच तळहात आडवा करून मला थोपवलं. तो हात हवेत तसाच राहिला.

सुमननं मूठभर ज्वारी पाटीत टाकली आणि पुढचं सांगायला लागली.