साळवेकाकांचा आठवा भिडू

अडुसष्ट वर्षांचा एक माणूस रोज संध्याकाळी सहा वाजता पंपरूमच्या भिंतीला कपाळ टेकवून उभा राहतो आणि मोठ्याने शंभरपर्यंत आकडे मोजतो, हे आमच्या सोसायटीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर लोक पाणी घेऊन धावतात. एकदा एका कुरिअरवाल्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "अंकल, चक्कर आली का?" त्यावर साळवेकाका भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "त्रेसष्ट. थांबा जरा. चौसष्ट."

लपाछपीत राज्य कायम त्यांच्यावर. इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि भोवती सात मुलं. त्यांतला एक माझा ओम. मुलांनी सुरुवातीला आग्रह करून पाहिला की काका, आज तुम्ही लपा. काका म्हणायचे, "लपणं तुमचं काम, शोधणं माझं. ड्युटी बदलायची नाही."

शमुवेल साळवे मूळचे नगरकडचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते, म्हणजे तयार झालेला माल मोजायचा आणि तपासायचा. रिटायर झाल्यावर विठ्ठलवाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर आले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी सातच्या गाडीने अंबरनाथला चर्चला जायचे आणि उरलेले सहा दिवस जिथे उभे असतील तिथेच चर्च भरवायचे.

कारण काकांना प्रत्येक गोष्टीत धडा दिसायचा. "यात एक धडा आहे, छोटासाच," अशी त्यांची सुरुवात असे, आणि मग आपण हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायची. कुकरची शिट्टी होत नव्हती म्हणून मी झाकण घेऊन जिना उतरत होते, तर काका म्हणाले, "ताई, रिंग सैल आहे. वाफ कोंडली गेली तरच डाळ शिजते. प्रभू माणसाला अडचणीत का कोंडतो, ते आता कळलं ना?" मला एवढंच कळलं होतं की घरी पाहुणे बसलेत आणि डाळ कच्ची आहे. माझा ओम एकदा दोन्ही हातांत लाडू धरून रडत होता, कारण तिसरा घेता येत नव्हता. काकांनी त्याचा धडा करून तो पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितला. शेवटी ओमने लाडू खाणंच सोडलं.

मी सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालेली. त्यामुळे काकांविषयीच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येत. त्या बहुतेक हसण्यावारी नेण्यासारख्या असत. पण मागच्या हिवाळ्यात आलेली तक्रार तशी नव्हती.

त्याआधी आमच्या बी विंगबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीचे दोन भाग, मधे कंपाउंड. बी विंग धोकादायक ठरली, नोटीस लागली, आणि दोन वर्षांपूर्वी तिथली सगळी कुटुंबं निघून गेली. खालून डोक्याइतके उंच पत्रे ठोकले. वर मात्र माणसं नुकतीच उठून गेल्यासारखं सगळं तसंच. दुसऱ्या मजल्यावर दोरीला एक टॉवेल, तिसऱ्यावर वाऱ्याने फडफडणारं कॅलेंडर. माझ्या मागच्या गॅलरीतून ती विंग समोरच दिसते. मी कपडे वाळत घालताना शक्यतो तिकडे बघत नसे.

तर, त्या हिवाळ्यात काका सातही मुलांना शोधून काढायचे आणि तरी थांबायचे नाहीत. पुन्हा जिन्याखाली वाकून बघायचे, मीटरच्या खोलीमागे जायचे. मुलं म्हणायची, "काका, झाले ना सगळे." काका म्हणायचे, "नाही. अजून एक आहे."

पहिले दोन-तीन दिवस मुलांना मजा वाटली. मग त्यांनी एकमेकांना मोजून पाहिलं. सातच. काका शांतपणे म्हणाले, "माझी मोजणी तेहतीस वर्षांत चुकलेली नाही. आठ आहेत." मग पत्र्यापाशी जाऊन, कुणाशी बोलावं तसं हळूच, "राज्य माझ्यावर आहे रे. सावकाश ये," असं म्हणाले. त्या रात्री ओम एकटा बाथरूमला जाईना.

मुलांनी त्याचं नावच ठेवलं, आठवा. आठवा पंपरूमच्या मागे असतो. आठव्याने श्वास घेतलेला ऐकू येतो. तळमजल्यावरची चिनू म्हणाली, तिने लपताना पत्र्याला पाठ टेकवली, तर पलीकडूनही कुणीतरी पाठ टेकवली. तिला दोन दिवस ताप होता. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका चांगले आहेत हो, पण त्यांचं डोकं आता ठिकाणावर नाही. तुम्ही बोला."

मी बोलायला जाणार होते, त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मागच्या गॅलरीत कपडे काढत होते. खाली काका मोजत होते. काकांनी "सत्तावीस" म्हटलं, आणि समोरच्या रिकाम्या विंगमधून, अगदी बारीक आवाजात, "सत्ताईस" आलं. काका म्हणाले, "अठ्ठावीस." तिकडून आलं, "अट्ठाईस."

मी स्वतःला सांगितलं, प्रतिध्वनी आहे. घरात आले, दार लावलं, कपड्यांच्या घड्या घातल्या. ओमचा शर्ट घडी घालताना लक्षात आलं की प्रतिध्वनी मराठीचं हिंदी करत नाही. पण हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सेक्रेटरीने असं काही ऐकणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. ते पेरू कापत बसले होते. मी म्हटलं, "काका, मुलं घाबरतात. काही दिवस खेळ बंद ठेवा."

"आठव्यामुळे?"

"आठवा कुणी नाहीये, काका."

त्यांनी पेरूची फोड माझ्यासमोर ठेवली. "ताई, कुणीतरी माझ्याबरोबर मोजतं. हिंदीत. रोज सातला पाच कमी असताना पत्रा वाजतो, म्हणजे ते पोर घरी गेलं. मग मी आत येतो. शंभर मेंढरं असली आणि एक कमी असलं, तरी आमचा प्रभू नव्व्याण्णवांचा लॉट पास करत नाही, त्या एकाला शोधायला जातो. तुम्हाला खरंच कधी ऐकू आलं नाही? तुमची गॅलरी तर समोरच आहे."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी सुरी पुसून ठेवली. "बरं. तुम्ही सेक्रेटरी. उद्यापासून बंद."

दुसऱ्या दिवशी मुलं काकांशिवाय खेळली. राज्य ओमवर आलं. त्याने वीसपर्यंतच मोजलं, सहाही जणांना शोधलं, दोन भांडणं झाली आणि पावणेसातला सगळे घरोघरी गेले. मी देवापाशी दिवा लावत होते तेव्हा बेल वाजली. दारात काका. पायांत चप्पल नव्हती.

"ताई, पत्रा वाजला नाही."

"काका, सात तर वाजताहेत आता."

"सात वाजून गेले. मी खिडकीतच बसलोय. सहाला वाजला होता, पोर आत गेलं, बाहेर आलं नाही."

मी म्हणू शकले असते की घरी जा, औषध घ्या. पण मी ते "अट्ठाईस" ऐकलं होतं आणि त्यांना नाही म्हटलं होतं. मी मोबाईल घेतला आणि त्यांच्याबरोबर खाली उतरले.

पंपरूमच्या मागे एक पत्रा कोपऱ्यातून वाकला होता. मूल जाईल एवढीच फट. काकांनी दोन्ही हातांनी तो ओढला. आत उजेड नव्हताच म्हणायला हवा. मोबाईलच्या प्रकाशात जिन्याच्या भिंतीवर जुन्या नावांच्या पाट्या दिसल्या, एका दारावर वाळलेलं तोरण होतं. ओलसर सिमेंटचा वास येत होता आणि वर कुठेतरी ते कॅलेंडर फडफडत होतं. मी काकांचा शर्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

मी हाक मारली, "कोण आहे?" माझा आवाज सगळ्या मजल्यांवर फिरून परत आला. बाकी काही नाही.

काकांनी मला गप्प राहायची खूण केली. मग जिन्याच्या भिंतीला कपाळ टेकवलं, डोळे मिटले आणि नेहमीच्या आवाजात मोजायला लागले. "एक. दोन. तीन." त्या रिकाम्या इमारतीत, त्या अंधारात, तो माणूस सावकाश आकडे म्हणत होता. "अकरा. बारा. तेरा."

"तेरह," कुणीतरी म्हणालं.

आवाज पहिल्या मजल्यावरून आला होता. काका मोजत मोजतच जिना चढले. चौदा, पंधरा. तिकडून चौदह, पंद्रह. आवाज एका घराच्या न्हाणीघरातून येत होता. दार बाहेर उघडणारं होतं आणि छताच्या प्लास्टरचा मोठा तुकडा पडून त्याला अडला होता. आम्ही दोघांनी मिळून तो सरकवला. काकांची बोटं सोलली. एकोणीसला दार उघडलं.

आत एक मुलगी उकिडवी बसली होती. नऊ-दहा वर्षांची, केसांत पांढरा चुरा, दप्तर छातीशी धरलेलं. ती रडत नव्हती. काकांकडे बघून म्हणाली, "अंकल, आज आप आए ही नहीं."

तिचं नाव कशिश. मागच्या गल्लीत तिची दादी पापड विकते, तिच्याजवळ राहते. सहा ते सात आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ट्यूशनला यायची. दादीच्या मोबाईलवरून टीचरला कशिशनेच मेसेज केला होता की कशिश आता येणार नाही. त्यामुळे टीचर समजायची ती घरी आहे आणि दादी समजायची ती ट्यूशनला आहे. त्या एका तासात ती कुणाच्याच हिशोबात नव्हती.

मी जरा रागावूनच विचारलं, "खेळायचं होतं तर समोर येऊन खेळायचं. इथे कशाला लपलीस?"

ती म्हणाली, "बोर्ड पे लिखा है ना. बाहर के बच्चों को खेलना allowed नहीं."

तो बोर्ड मी लिहिला होता. खाली माझी सही आहे.

"आणि ओरडली का नाहीस?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"अंकल रोज ढूंढते हैं," ती म्हणाली. "मुझे लगा, आएंगे."

दादी तोवर गल्लीत हाका मारत फिरायला लागली होती. तिने कशिशला पाठीत एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं, मग पुन्हा एक घातला. काकांचे पाय धरायला वाकली तेव्हा काका एवढे मागे सरकले की कुंडीत पडता पडता वाचले.

सगळे गेल्यावर मी काकांच्या बोटांना हळद लावायला त्यांच्या घरी गेले. काकांनी धडा सांगितला नाही. मला ते चमत्कारिक वाटलं. मीच म्हटलं, "काका, मेंढराची गोष्ट खरी करून दाखवलीत आज."

काकांनी बोटांवर फुंकर घातली. म्हणाले, "मी बोर्डिंगमध्ये होतो तेव्हा सात वर्षांचा होतो. लपाछपीत धान्याच्या कोठीवरच्या माळ्यावर लपलो. जेवणाची घंटा झाली, सगळी मुलं गेली. मी वाट बघत बसलो. अंधार पडला. मला वाटत होतं, आता पंगतीत एक ताट रिकामं दिसेल, आता कुणीतरी येईल."

"मग कोण आलं?"

"कुणी नाही. भूक लागली, तेव्हा मीच उतरलो. वॉर्डन म्हणाले, हात धू आणि बस. मी नव्हतो हे कुणाला कळलंच नव्हतं." त्यांनी हळदीचं बोट दुसऱ्या हाताने झाकलं. "चर्चच्या रविवारशाळेत मी ती मेंढराची गोष्ट चाळीस वर्षं सांगितली, ताई. मुलं विचारायची, काका, खरंच जातो का तो एकासाठी? मी म्हणायचो, जातो. पण मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, निदान माझ्याकडून तरी एखादं शोधायचं राहू नये."

मी हळदीची वाटी उचलली. दारापर्यंत गेल्यावर म्हटलं, "मला ऐकू आलं होतं, काका. परवा, गॅलरीत. मी तुम्हाला नाही म्हणाले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बोलवायला आलो तेव्हा तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही, लगेच निघालात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो बोर्ड काढला आणि पत्र्याची फट दोन माणसं लावून बंद करून घेतली. संध्याकाळी सहाला कशिश गेटमधून आली. मुलांनी तिला घेरलं आणि बराच वेळ तिला बोट लावून लावून पाहिलं. आठवा भूत नसून साधी मुलगी निघाली याचं चिनूला फार वाईट वाटलं होतं.

मग त्यांची काहीतरी कुजबुज झाली आणि ओम काकांना म्हणाला, "काका, आज राज्य आमच्या सगळ्यांवर. तुम्ही लपा."

"मला लपता येत नाही रे," काका म्हणाले.

"ट्राय तो करो," कशिश म्हणाली, आणि आठही जणांनी पंपरूमच्या भिंतीला तोंडं लावली.

काका जिन्याकडे गेले, परत आले, मीटरच्या खोलीपाशी थांबले आणि शेवटी पाण्याच्या सिंटेक्स टाकीमागे जाऊन उभे राहिले. टाकी लहान, काका मोठे. पोट एका बाजूने दिसत होतं, चपला दुसऱ्या बाजूने. शंभर झाले. मुलं वळली. त्यांना काका लगेच दिसले, हे मला गॅलरीतूनही कळलं. चिनूने तोंडावर हात दाबला.

कुणीच तिकडे गेलं नाही. ओम टाकीपासून दोन हातांवर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "काका कुठे गेले असतील?" कशिश जिन्याखाली वाकून आली. आणखी दोघं मीटरच्या खोलीमागे जाऊन आले. "इधर भी नहीं हैं." "गच्चीवर बघू या." अशी ती आठ मुलं सबंध कंपाउंडभर, नाव घेऊन घेऊन, त्यांना शोधत राहिली.

टाकीमागे काकांनी श्वास रोखला होता आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.