आबांची तारीख सकाळी सातला बदलते

रात्री बारा वाजता तारीख बदलते, हे मारुतीआबांना मान्य नाही. एकतीस डिसेंबरला आमच्या कॉलनीतली मुलं फटाके वाजवून त्यांच्या दारात 'हॅपी न्यू इयर' ओरडायला गेली. त्या रात्री सुट्टीवर असलेल्या आबांनी दार अर्धं उघडून सांगितलं, "अजून जुनंच साल चालू हाय. सकाळी सातनंतर या." सातनंतर गेलो फक्त मी. मला पेढा मिळाला.

आबा मूळचे खर्ड्याचे. राहतात माझ्या शेजारी, आणि आम्ही दोघं नागापूरच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात. मी हिशेब विभागात, ते भट्टीवर. तिथे पोलादी भाग तापवून कडक करतात. भट्टी रात्रीही विझवत नाहीत. तिसरी पाळी, रात्री अकरा ते सकाळी सात, आबांनी मुद्दाम मागून घेतलेली. "रातचं साहेब नसतो, म्हून काम हुतं," हे कारण त्यांनी साहेबांनाच सांगितलं होतं.

आमच्याकडे पाळी ज्या तारखेला सुरू होते, त्याच तारखेची धरतात. रात्री अकराला कामावर आलेला माणूस सकाळी घरी गेला, तरी त्याची हजेरी आदल्या तारखेलाच लागते. आम्ही हा नियम पगारापुरता पाळतो. आबांनी तो सगळ्या आयुष्याला लावला. त्यांची नात पहाटे तीनला जन्मली, तर तिचा वाढदिवस ते आदल्या दिवशी करतात. सुनेनं जन्माचा दाखला पुढे धरला. "दवाखान्याला पाळ्या कळत न्हाईत," आबा म्हणाले आणि नातीला केक भरवला.

शिवाय भांडण. सकाळी कामावरून आले की दूधवाला, पेपरवाला, नळाला पाणी सोडणारा, जो सापडेल त्याच्याशी. "असं कुठं लिवलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकदा मी नुसतं "आज गारठा आहे" म्हणालो, तर अर्धा तास गेला.

यंदा आबांची निवृत्ती जवळ आली, म्हणून सुरक्षा सप्ताहाच्या समारोपाला त्यांचा सत्कार ठरला. फलकावर नोटीस लागली: 'बारा तारीख, तिसरी पाळी सुटल्यावर, कॅन्टीनमध्ये. नंतर सत्कारमूर्तींच्या कुटुंबीयांना कारखाना दाखवण्यात येईल.' आबांनी ती वाचली, रजा टाकली आणि बहिणीकडे गेलेल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, आणायला खर्ड्याला गेले. मोबाईल नेहमीसारखा घरीच, चार्जिंगला.

नोटीस एचआरच्या नव्या मॅडमनी काढलेली. त्यांच्या मनात होती बारा तारखेची सकाळ. आबांच्या हिशेबानं बाराची तिसरी पाळी बाराच्या रात्री सुरू होते आणि तेराच्या सकाळी सुटते. बाराला सकाळी सगळे जमले, आबांची खुर्ची रिकामी. पाहुण्यांनी गौरवाचं भाषण त्या खुर्चीकडे बघून केलं. शाल मॅडमच्या कपाटात गेली. आबा रात्री शेवटच्या एसटीनं परतले, तेव्हा मी झोपलो होतो.

तेराला सकाळी कामावर पोचलो, तर गेटवर आबांचा आवाज. अंगात इस्त्रीचा सफारी. शेजारी काकू, नव्या साडीत, हातात लाडवांचा डबा.

"आबा, कार्यक्रम काल झाला," वॉचमन सांगत होता.

"काल सकाळी अकरा तारखेची पाळी सुटली. बाराची आत्ता सुटली हाय!"

मॅडम धावत आल्या. "काका, सॉरी. पण तुमच्याही वाचण्यात जरा…"

"माझ्या? मी उशिरा न्हाई आलो मॅडम. तुमचा कार्यक्रम लवकर आला. हिशेबवाले, सांगा ह्यांना, पाळी कंच्या तारखेची धरता?"

मी सांगितलं. जे खरं ते खरं. कॅलेंडरप्रमाणे मॅडम बरोबर होत्या, पण नोटीस कॅलेंडरवर नव्हती, पाळीवर होती.

मॅडम हसल्या. "चला, केबिनमध्ये चहा घेऊ, शालही देते."

"शाल ऱ्हाऊ द्या. हिला आत सोडा."

"घरच्यांचे पास कालच्यापुरतेच होते, काका."

आबा गेटाशेजारच्या कट्ट्यावर बसले. "मग मी हितनं उठत न्हाई. ट्रक काय, मालक आला तरी न्हाई."

काकू कानकोंड्या झाल्या. "अहो, चला घरी. लोक बघत्यात. न्हाई बघितला कारखाना, तर काय अडलंय?"

"अडलंय," आबा म्हणाले. "लगीन झाल्यापासून मी रातचं कुठं जातो, ते हिनं बघितलं न्हाई. पुढल्या म्हैन्यात मीच भाईर. मग काय दाखवू हिला, गेट?"

मॅडमनी वॉचमनकडून पासांचं पुस्तक घेतलं. खिशातून पेन काढून त्यांनी पास लिहिला.

मी सोबत गेलो. पहिल्या पाळीच्या माणसानं भट्टीचं दार वर घेतलं तशा काकू दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. पण भट्टीकडे त्यांनी फार वेळ बघितलं नाही. त्या बघत होत्या कोपऱ्यात. तिथे एक लोखंडी स्टूल, भिंतीत शर्ट अडकवायचा खिळा.

"रातचं हितं आनखी कोन असतंय?"

"कोन न्हाई. एका मानसाचं काम हाय."

"सगळी रात?"

"व्हय."

"मग बोलता कुनाशी?"

आबा भट्टीच्या काट्याकडे वळले आणि तापमान बघत राहिले. पाळी त्यांची नव्हती.

काकू माझ्याकडे वळल्या. "दादा, मी रोज म्हनायचे, घरात पाऊल टाकलं की हे भांडत का सुटत्यात." मग त्यांनी पदरानं स्टूल पुसलं आणि त्यावर बसल्या. "हं. सांगा आता, कसं चालतंय हे. पयल्यापासनं सांगा."

आबा वाकून सांगू लागले. पंख्याच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही. मी निघालो. मॅडम शाल घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. त्यांना म्हटलं, जरा थांबा.