अकरा मिनिटांचं तळं

"चौथा दिवस, सातवा तास, उत्तरार्ध. तळं. अकरा मिनिटं." मास्तरांनी लाल पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं आणि गड जिंकल्यासारखी मान वर केली. "फोटोसह!"

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिनं कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"फोटोसह अकरा, की फोटो सोडून अकरा?"

"फोटोसह. फोटो सोडले तर साडेआठ."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात 'बरं' या शब्दाचे किती प्रकार असतात हे मास्तरांना ठाऊक व्हायला हवं होतं. पण त्यांची नजर आठव्या तासावर गेली होती.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे, पण त्यांची खरी कीर्ती वेळापत्रकाची. बावीस शिक्षक, चौदा वर्ग, एक प्रयोगशाळा आणि एकच पेटी. तरीही इतक्या वर्षांत दोन शिक्षक एका वर्गाच्या दारात समोरासमोर आले नव्हते, की पेटी एका वेळी दोन वर्गांना हवी झाली नव्हती. अशा माणसाला मुख्याध्यापिकाबाईंनी जाण्यायेण्याचे दोन दिवस सोडून मोजून सहा दिवसांची रजा दिली, तेव्हा त्यांनी युरोपलाही चौकोनी कागदावर आणून बसवलं. सहा दिवस गुणिले आठ तास, एकूण अठ्ठेचाळीस तास, प्रत्येक तास पस्तीस मिनिटांचा. हिंडायचं ते लाल पेन्सिलीनं, बघायचं ते निळ्या, खायचं ते हिरव्या. जन्मात एकदाच जायचं तर एक मिनिट मोकळं सुटता कामा नये, असा त्यांचा निर्धार होता.

आणि सिस्टरचं म्हणाल, तर तिचं मागणं एकच होतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक कॅलेंडर लटकत होतं. त्यातल्या तारखा संपून एकोणीस वर्षं झाली होती. खालची पानं केव्हाच फाटली होती, चित्र तेवढं उरलं होतं. निळंशार तळं, एक पांढरी होडी आणि काठावर एक रिकामा बाक. सिस्टर दवाखान्याच्या वॉर्डात सव्वीस वर्षं नर्स होती. म्हणजे सव्वीस वर्षं उभी होती. पाळी संपवून घरी यायची, उभ्यानंच चहा टाकायची आणि तो उकळेपर्यंत त्या बाकाकडे बघायची. युरोपचं ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मला तिथं बसायचंय. बास."

आता तिला बसायला अकरा मिनिटं मिळाली होती. फोटोसह.

निघायला बारा दिवस उरले तेव्हा मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कागद बिनचूक होता, माणसांचं काय? विशेषतः दादांचं. दादा म्हणजे सिस्टरचे थोरले भाऊ, निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म गाडीच्या दारात गेल्यामुळं इतर सगळे चढल्याशिवाय ते स्वतः कुठंच चढत नसत, आणि चढल्यावर माणसं दोनदा मोजत. मग माणसं चार असली तरी दोनदाच.

"रविवारी तालीम," मास्तरांनी जाहीर केलं.

"कसली?" लेकीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"युरोपची. पहिल्या दिवसाचे चार तास आणि चौथ्या दिवसाचं तळं. आपल्याच गावात. अंतरं मी मोजून घेतलीत. पाण्याची टाकी म्हणजे मनोरा. नगरपालिका म्हणजे राजवाडा."

"रविवारी नगरपालिका बंद असते, बाबा."

"तिथला राजवाडाही आपण बाहेरूनच बघतोय. फर्निचरचं मोठं दुकान म्हणजे संग्रहालय. कशाला हात लावायचा नाही, काही विकत घ्यायचं नाही. आणि बागेतलं तळं म्हणजे तळं."

"आणि बॅगा?" दादांनी विचारलं.

"भरलेल्या. वजनासकट."

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"लोक नाटकाची तालीम करतात, कवायतीची करतात. मग आयुष्यातल्या एकमेव सहलीची का नाही?"

इथवर झाला तो पूर्वरंग. खरं आख्यान रविवारी सकाळी सव्वाआठला सुरू झालं.

चौघं चार भरलेल्या बॅगा ओढत टाकीखाली पोचले. दादांनी माणसं दोनदा मोजली. मास्तरांनी खांद्यावरच्या पिशवीतून शाळेची जुनी पितळी घंटा काढली आणि एक टोल दिला. "मनोरा! सात मिनिटं! सगळ्यांनी वर बघा!"

सगळ्यांनी वर बघितलं. लेक मागं मागं सरकत फोटो काढू लागली. "आई, अजून वर! मामा, आश्चर्य दिसू दे चेहऱ्यावर!"

दादांनी डोळे वटारले आणि तोंडाचा आ केला. नेमका तेव्हाच दूधवाला सायकलवरून चालला होता. गणिताचे मास्तर, दवाखान्यातल्या सिस्टर आणि एक कंडक्टर टाकीकडे आ वासून बघताहेत म्हटल्यावर त्यानं ब्रेक दाबला.

"काय झालं ओ, सर?"

"काही नाही, सात मिनिटांचं काम आहे," घड्याळावरची नजर न काढता मास्तर म्हणाले. "त्यानंतर इथं थांबता येणार नाही."

दूधवाल्यानं टाकीकडे पाहिलं. बॅगांकडे पाहिलं. परत टाकीकडे पाहिलं. आणि आयुष्यात कधी मारली नव्हती अशी पायडल मारत तो निघून गेला.

मास्तरांना राजवाड्याला पोचायला बारा मिनिटं लागली. बातमीला तीन. 'टाकीला तडा गेलाय' अशी ती निघाली. दुसऱ्या गल्लीत 'टाकी झुकलीय' झाली, आणि चौकात पोचेपर्यंत 'मास्तर बायकामुलं घेऊन, बॅगा भरून गाव सोडून निघाले' इथवर तिनं बाळसं धरलं.

"त्यांनी हिशेब केला असणार," इस्त्रीवाला म्हणाला. "गणिताचा माणूस आहे. सात मिनिटं म्हणालेत."

"अहो, मग पाणी तरी भरून घ्या!" त्याची बायको ओरडली.

झालं. पाणी जायच्या आत ते भरून घ्यावं हा विचार एकाच वेळी साऱ्या गावाला सुचला. बादल्या, पातेली, बाळाचा टब, रिकामे डबे, जे हाताला लागेल ते नळाखाली गेलं. त्यामुळं टाकीतलं पाणी झरझर उतरू लागलं. पंपावरच्या माणसानं काट्याकडे पाहिलं. रविवारी सकाळी इतकं पाणी? म्हणजे तडा खरा! त्यानं घाईघाईनं इंजिनिअरला फोन लावला.

इकडं संग्रहालयात फर्निचरवाला वेगळ्याच संभ्रमात होता. चार माणसं बॅगांसह दुकानात शिरली होती आणि हात पाठीशी बांधून प्रत्येक खुर्चीपुढं आदरानं वीस-वीस सेकंद उभी राहत होती.

"बसून बघा ना, सिस्टर," तो अजिजीनं म्हणाला. "माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही एवढं केलंत..."

सिस्टर खुर्चीच्या हातावर हात ठेवणार तोच घंटा वाजली.

"स्पर्श नाही!" मास्तर म्हणाले. "पुढच्या दालनात चला. दादा, माणसं नंतर मोजा."

"नंतर मोजून हरवलेला माणूस सापडतो होय?" दादा म्हणाले. "तीन... चार. हं, चला, पुढं सरका."

तळ्याशी पोचले तेव्हा मास्तरांचा चेहरा फुलून आला होता. ठरल्या वेळेपेक्षा फक्त दीड मिनिट उशीर! काठावर रंग उडालेला एक बाक होता. सिस्टरनं बॅग ठेवली, चपला काढल्या आणि बसली.

मास्तरांनी घंटा वर उचलली. पण टोल पडायच्या आधीच स्कूटरचा आवाज आला, आणि तिच्या मागून पन्नासएक माणसं, निम्म्यांच्या हातात बादल्या.

"सर!" स्कूटरवरून उतरलेला इंजिनिअर धापा टाकत होता. "सर, तडा कुठल्या बाजूला बघितलात? पूर्वेला की पश्चिमेला?"

"कसला तडा?"

"टाकीचा!"

"आम्ही तडा नाही बघितला. मनोरा बघितला."

गर्दीत कुजबुज झाली. इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. "सर, अख्खं गाव पाणी भरतंय. टाकी तासाभरात निम्मी झाली!"

मास्तरांनी चष्मा सावरला. त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू सातवी ब ना? तिसरा बाक?"

"हो, सर." इंजिनिअर नकळत ताठ उभा राहिला.

"एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, हे उदाहरण तुझं तेव्हाही चुकायचं. अरे, गावातले सगळे नळ एकदम उघडले तर टाकी उतरणार नाही तर काय? तड्याची गरजच काय त्यात?"

इंजिनिअरनं मनातल्या मनात नळ मांडले, तोंड हलवत वजाबाकी केली आणि त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"सर, हे मला समजलं. पण ह्यांना?" त्यानं बादल्यांकडे बोट केलं. "मी वर चढून टाकी तपासून येतो. तोवर तुम्ही कृपा करून इथून हलू नका. तुम्ही बॅग घेऊन एक पाऊल जरी टाकलंत ना, तर गाव रिकामं होईल."

"पण माझ्याकडे अकराच मिनिटं—"

"सर, पाया पडतो. बसा!"

आणि ज्या माणसानं हजारो मुलांना 'बसा' म्हटलं होतं, तो निमूटपणे बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला. गर्दीही गवतावर टेकली. मास्तर पळत नाहीत ना, यावर तिचा डोळा होता. दादांना मात्र आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ते उभे राहून गर्दी मोजू लागले.

पहिली पाच मिनिटं मास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग पुढची पाच मिनिटं घड्याळ पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. मग करायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं.

सिस्टरनं पाय लांब सोडले होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर आरती संपल्यावर असते तशी शांतता. मास्तरांची नजर तिच्या टाचांवर गेली. दोन्ही टाचा भेगांनी भरल्या होत्या. बारीक, खोल, वर्षानुवर्षांच्या. सारं गाव तासभर मान वर करून जे शोधत होतं ते इथं खाली होतं, आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांना ते दिसलं नव्हतं.

"दुखतात का ग?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"पाय."

सिस्टरनं डोळे उघडले. एवढा साधा प्रश्न कुठल्या तासाला होता, हे तिला आठवेना. "आत्ता नाही दुखत," ती म्हणाली.

मास्तरांनी घंटेचा लोलक रुमालात गुंडाळला आणि घंटा पिशवीच्या अगदी तळाशी ठेवली.

चाळीस मिनिटांनी इंजिनिअर परतला, कोळिष्टकांनी माखलेला आणि हसरा. "टाकी ठणठणीत आहे! चला, घरी जा सगळे!" लोक हसत, एकमेकांवर पाणी उडवत उठले. भरून ठेवलेल्या पाण्याचं करायचं काय म्हणून त्या दुपारी गावातले सगळे जिने, अंगणं, सायकली आणि एक अनिच्छुक कुत्रा स्वच्छ धुऊन निघाला. मास्तर मात्र बाकावरच होते.

"बाबा, निघायचं ना?" लेकीनं विचारलं. "आपण एकतीस मिनिटं मागं आहोत."

"असू दे," मास्तर म्हणाले. लेकीनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दोन दिवस मास्तर संध्याकाळचे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, दार लोटून बसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर कोरा करकरीत नवा तक्ता होता.

"सहाही दिवस एकाच गावात," ते म्हणाले. "तळ्याच्या."

"आणि मनोरा?" सिस्टरनं विचारलं.

"झाला की बघून. रविवारी, सव्वाआठला."

"राजवाडा?"

"तोही झाला. बाहेरून."

"आणि संग्रहालय?"

"बत्तीस खुर्च्या बघितल्यास. आता कुठंतरी बसायला नको?"

सिस्टरनं कागद जवळ ओढला. सहा दिवस, आठ तास, मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर. पहिल्या दिवशी पहिला तास: बाक. दुसरा तास: बाक. तिसरा: बाक. लाल पेन्सिल कुठंच नव्हती. हिरवी मधेमधे होती, 'बाकावरच' अशी टीप देऊन. दादांसाठी समासात वेगळी नोंद होती: 'शेजारचा बाक, होड्या मोजणे.'

तिचं बोट चौकोनांवरून फिरत फिरत चौथ्या दिवशीच्या सातव्या तासावर थांबलं. अठ्ठेचाळीस चौकोनांत तेवढा एकच कोरा होता. तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू.

"अहो, आणि हा एकच तास रिकामा का हो?"

"तो होय?" मास्तर गंभीरपणे म्हणाले. "तो ऑफ तास. दिवसभर एवढं बसल्यावर माणसाला जरा विश्रांती नको?"