गाडीला फुटलेला आवाज

तंद्रीरावांनी गाडीला नवा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा ओढणारी नळी, बसवायचं ठरवलं ते एका मंगळवारी, सिग्नलला उभे असताना. (तंद्रीराव हे नाव ऑफिसातल्या लोकांनी दिलेलं. ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते, आणि मीटरचे आकडे उतरवता उतरवता खिडकीबाहेर हरवायचे. एकदा दोन खोल्यांच्या एका घराने महिन्यात अख्खा पोहण्याचा तलाव प्यायल्याची नोंद त्यांच्या हातून झाली होती.)

शेजारी एक लाल गाडी उभी होती. दिवा हिरवा झाला आणि ती निघाली. तिच्या बॉनेटखालून असा काही आवाज आला, की जणू खोल विहिरीत बसून कुणी खर्जात गुणगुणतंय. गाडी गेली, आवाज मात्र तंद्रीरावांच्या पोटात राहिला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, हे त्यांना दिवा पुन्हा लाल झाल्यावर कळलं.

त्यांची स्वतःची गाडी अकरा वर्षांची होती आणि शिवणयंत्रासारखी बोलायची.

"साहेब, गाडीसुद्धा आपल्यासारखीच श्वास घेते," गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून समजावलं. "हा काळा डबा दिसतोय ना, तो म्हणजे चोंदलेलं नाक. तो काढू. रुंद नळी लावू, टोकाला उघडा फिल्टर. हवा जास्त, ताकद जास्त."

"आणि आवाज?"

"आवाजाचं तर विचारूच नका."

तंद्रीरावांनी विचारलं नाही. घरी आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं, "एअर फिल्टर बदलून घेतला." (यात खोटं काहीच नव्हतं. फक्त खरं जरा कमी होतं.)

एरवी बायकोने त्यांना उभंआडवं घेतलं असतं. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. ती रुग्णालयात नर्स होती, कायम रात्रपाळीला, आणि गेले तीन महिने तिला दिवसा झोप लागत नव्हती. जाड पडदे झाले, कानात बोळे झाले, गोळ्याही झाल्या. ती डोळे मिटून पडायची आणि पडली होती त्याहून जास्त दमून उठायची. मागच्या आठवड्यात तिने सात नंबरच्या पेशंटची गोळी नऊ नंबरच्या हातावर ठेवली. "सिस्टर, माझी तर पांढरी असते ना?" असं त्यानेच विचारलं म्हणून निभावलं. त्या दिवशी घरी येऊन ती बराच वेळ चपलासुद्धा न काढता बसून राहिली. मग म्हणाली, "या महिन्यात झोप आली नाही तर मी नोकरी सोडते. अठरा वर्षं झाली, पण आता माझा माझ्यावर भरवसा नाही."  तंद्रीराव खिडकीबाहेर बघत राहिले होते.

रविवारी दुपारी ते तिला घेऊन सासऱ्यांकडे निघाले. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. घोंऽऽ. अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं. रस्ता वितळून मऊ झाला, झाडं मागे वाहू लागली, खिडकीतून येणारं ऊन कधी मांडीवर, कधी हातावर येऊन बसू लागलं. आपण जमिनीवर नाही, ढगांच्या जरा खालून चाललोय, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात अंड्यांचा एक टेम्पो आरामात पुढे निघून गेला. त्यांनी काट्याकडे पाहिलं. पंचेचाळीस.

"कसा वाटतो आवाज?" त्यांनी विचारलं.

उत्तर नाही. म्हणजे हिला कळलंय, आणि ही रागावली आहे. तंद्रीरावांचा धीर सुटला. ते रस्त्यावरची नजर न हलवता कबुलीजबाब देऊ लागले. डबा, नळी, गॅरेजवाला, लाल गाडी, सगळं. शिवाय दोन वर्षांपूर्वी फुटलेली तिची आवडती बरणी मांजराने फोडली नव्हती, हेही सांगून टाकलं. तरी उत्तर नाही. शेवटी त्यांनी भीतभीत वळून पाहिलं.

बायको गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

सासऱ्यांच्या दारात त्यांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद करायची छाती झाली नाही. सासरे बसच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. आवाज ऐकूनच ते बाहेर आले आणि त्यांनी बॉनेट उचललं.

"जावईबापू, हे काय करून ठेवलंत?"

"हळू बोला. ताकद वाढते म्हणे."

"त्या डब्यात आवाज गिळायला एक पोकळ कप्पा असतो. तो काढलात, म्हणून गाडी घुमतेय. आणि हा उघडा फिल्टर इंजिनाला चिकटून गरम हवा ओढतोय. गरम हवा विरळ. ताकद होती त्याहून थोडी कमीच झाली असेल."

"पण वेग जाणवतो हो."

"कानाला जाणवतो. चाकांना विचारा." सासरे हात पुसत म्हणाले, "जुना डबा ठेवलाय ना? चला, आत्ता बदलून देतो."

तंद्रीरावांनी नुसतं काचेकडे बोट केलं. म्हातारा वाकून लेकीकडे बघत राहिला.

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

सासऱ्यांनी लहान मुलावर पांघरूण घालावं तसं बॉनेट अलगद मिटलं. "पेट्रोल आहे ना? मग थांबू नका. तिसरा गिअर, अडतीसचा वेग. आवाज एकसारखा राहील. गिअर बदललात तर उठेल."

मग तंद्रीराव तळ्याच्या रस्त्याने फिरत राहिले. एक फेरी, दुसरी, सातवी. पाण्यावरचा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला. तीन सायकलस्वार बोलत बोलत पुढे गेले. गाडी गुणगुणत होती, शेजारी बायकोचा श्वास संथ चालला होता, आणि कुठेच पोहोचले नाहीत म्हणून त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकवणार नव्हतं.

संध्याकाळी बायकोने डोळे उघडले. "अजून बाबांकडे पोहोचलो नाही?"

"जाऊन आलो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा मनापासून हसली.

नोकरी तिने सोडली नाही. आता तंद्रीराव रोज सकाळी तिला रुग्णालयाच्या दारातून उचलतात आणि ऑफिस उघडेपर्यंत अडतीसने फिरवतात. पुढे तिची झोप घरीही टिकू लागली. परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी कडेवर बाळ घेऊन वर आल्या.

"भावोजी, तुमच्या गाडीबद्दल बोलायचं होतं."

तंद्रीरावांची छाती फुगली. "इनटेक बदललाय. दाबली की काय पळते म्हणून सांगू—"

"तेच ना. गाडी खालून गेली की आमचं बाळ पेंगतं, म्हणून उद्यापासून मागच्या सीटवर आम्ही दोघं बसलो तर चालेल का? फक्त वेगाला ते घाबरतं हो. अडतीसवरून जरा तीसवर याल?"

तंद्रीराव तीसवर आले. काल चढावर गाडी आणखी मंदावली, तेव्हा त्यांना एका गृहस्थाने मागे टाकलं. हे गृहस्थ व्यायामाला पळत होते, आणि दम लागल्यामुळे फार जोरात पळतही नव्हते.