फाटकाला दोन कुलपं

"उद्या हे फाटक उघडणार, आणि ते कोण उघडणार? हा गृहस्थ!" असं म्हणून साहेबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्या आठवड्यात हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले होते की बायकोने मान वर करून बघणंही सोडलं होतं. ती आपली निमूटपणे बॅग भरत होती.

साहेब म्हणजे सीमेवरच्या कस्टम चौकीचे प्रमुख. हाताखालचे लोक त्यांना पाठीमागे 'काटेकोर' म्हणायचे, कारण टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा माणूस तो! शेजारच्या देशाशी बटाट्यावरच्या करावरून वाजलं, आपण त्यांचे बटाटे अडवले, त्यांनी आपले टोमॅटो अडवले, आणि तीन वर्षांपूर्वी दोन्ही देशांनी फाटकाच्या दोन्ही दारांना मिळून आपापली साखळी गुंडाळून आपापलं कुलूप ठोकलं. इकडची किल्ली इकडच्या साहेबांकडे, तिकडची तिकडच्या साहेबांकडे. शिवाय करार असा, की कुलूप फोडणं तर सोडाच, त्याला नुसती हातोडी दाखवली तरी तो त्या देशाचा अपमान!

आता गंमत ऐका. तिकडचे साहेब हे इकडच्या साहेबांचे सख्खे साडू! दोन बहिणी, दोन देशांत दिलेल्या, आणि दोन्ही जावई कस्टममध्ये. साडू हे नातंच असं, की त्यात प्रेम असलं तरी ते मोजूनमापून. कुणाची चौकी मोठी, कुणाच्या टोपीला जास्त सोनेरी पट्ट्या, यावर लग्नापासून दोघांची चुरस चाललेली. "दोघं एकाच माळेचे मणी," असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते दोघांनाही लागायचं.

फाटक बंद झालं तेव्हापासून बहिणींची भेट नव्हती. फाटकाजवळ फिरकायलाही मनाई. इकडच्या गच्चीवरून तिकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी थोरली बहीण तेवढी लांबून दिसायची.

"ताईचे केस पिकलेत हो," बायको एकदा म्हणाली होती. "इथून दिसतात. बाकी काही दिसत नाही, पण केस दिसतात."

तेव्हापासून साहेब गच्चीवर जायचं टाळत होते. म्हणूनच फाटक उघडायचं ठरल्याचा हुकूम आला, तसे ते नाचायचेच बाकी राहिले.

फक्त एक बारीकशी अडचण होती. कुलपाची किल्ली हेरांच्या हाती लागू नये म्हणून साहेब दर महिन्याला तिची लपवायची जागा बदलत. त्यामुळे ती चोराला सापडली नाही, हेराला सापडली नाही, आणि समारंभाच्या सकाळी साहेबांनाही सापडली नाही!

त्यांनी कपाट उपसलं. गाद्या उलट्या केल्या. बुटांत हात घातला, छत्री उघडून झटकली, शेवटी स्वयंपाकघरात शिरून पिठाचा डबा परातीत पालथा केला. बायको दारात येऊन उभी.

"काय शोधताय?"

"शोधत नाहीये. पाहणी चालली आहे."

"पिठाची?"

"समारंभ आहे आज! सगळीकडची पाहणी करावी लागते."

"किल्ली घेतलीत ना?"

"असली शंका शत्रूने घ्यावी, तू नव्हे!" साहेब कोपरापर्यंत पांढरे होऊन कडाडले.

"नाही, मी ताईला फोनवर सांगून बसलेय. म्हटलं, आज तुझ्या हातचा चहा तुझ्याच घरी पिणार." ती हसली. तिला असं हसताना साहेबांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच खरं सांगायचं त्यांना धाडस झालं नाही. दुसरी किल्ली राजधानीत होती. ती मागवायची म्हणजे पहिली हरवली हे कबूल करायचं, आणि ते साडूंच्या कानावर जायचं! त्यापेक्षा मरण पत्करलं.

फाटकापाशी मांडव घातला होता. इकडच्या मांडवात इकडचे व्यापारमंत्री, तिकडच्या मांडवात तिकडचे. मध्ये फाटक. इकडे टोमॅटोचे ट्रक, तिकडे बटाट्यांचे, आणि रांग पार वळणापर्यंत. बँडवाल्यांना एकच धून येत होती, ती त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवायला घेतली. दोन्ही साहेब कडक इस्त्रीत फाटकापाशी आले. गजांच्या पलीकडे साडू. टोपीला एक पट्टी जास्त!

इशारा झाला. साहेबांनी खिशात हात घातला. खिशात रुमाल होता. बुडत्याला काडीचा आधार, तसं त्यांना एकदम सौजन्य आठवलं.

"आपण वयाने मोठे," ते कमरेत वाकून म्हणाले. "आधी आपण!"

साडूंच्या तोंडावर विलक्षण भाव उमटला. "छे छे! हा मान आपला. आधी आपण!"

"आमच्याकडे थोरांच्या पुढे जात नाहीत."

"आमच्याकडे धाकट्यांचे लाड करतात. आधी आपण!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय हा सलोखा! एकदोघा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पण 'आधी आपण' काही थांबेना. बँडची धून संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. टाळ्या विरळ झाल्या. मंत्र्यांनी साहेबांना खुणेने जवळ बोलावलं.

"हे काय चाललंय?"

"सौजन्य, सर."

"इतकं?" मंत्र्यांनी डोळे बारीक केले. "मला यात चाल दिसते. जो आधी उघडेल तो गरजू ठरेल. मग उद्या करारात तो आपल्याला दाबणार! ऐका, काही झालं तरी आपण आधी उघडायचं नाही!"

"जशी आज्ञा!" साहेब म्हणाले. इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात कुठलीच आज्ञा पाळली नव्हती.

पण आनंद टिकला नाही. तिकडच्या मंत्र्यांनीही आपल्या माणसाच्या कानात असंच काहीतरी सांगितलेलं दिसलं. टीव्हीवाली बाई कॅमेऱ्यापुढे ओरडू लागली, "सीमेवर नवा पेच! कुलपामागचं राजकारण काय?" इकडच्या मंत्र्यांनी निषेधाचा खलिता लिहायला घेतला. तिकडच्यांनी त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलं. उन्हाने टोमॅटो पाझरायला लागले, ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले.

"पुरे झालं," मंत्री उठत म्हणाले. "गाडी काढा. बटाट्यावर कर दुप्पट! आता हे फाटक मी खुर्चीवर असेपर्यंत उघडत नाही."

साहेबांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांनी मागे पाहिलं. बायको बॅग हातात घेऊन उभी होती. आज मनाई उठली होती, ती सरळ गजांपाशी गेली. पलीकडून ताई आली. दोघींनी गजांतून हात घातले आणि एकमेकींची मनगटं घट्ट धरली.

मग ताईने नाक पुसलं. "काय गं, तुझ्या बाहीला पीठ कसलं?"

"यांनी सकाळी डबा पालथा केला. पाहणी म्हणे!"

"अगं बाई! आमच्याकडे डाळींच्या बरण्या! कालपासून घर उपसतायत. विचारलं तर म्हणतात, साफसफाई."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी एकदमच माना वळवून आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी नजर टाळायला म्हणून समोर पाहिलं, तर समोर साडू, नजर टाळायला इकडेच बघत असलेले!

साहेब हळूच गजांजवळ सरकले.

"तुमचीपण?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"दर महिन्याला जागा बदलायचो," साडू पुटपुटले.

"मीपण!"

"हेर..."

"हेरच की!"

आणि लग्नापासून पहिल्यांदाच त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं. साहेबांना एकदम इतकं हलकं वाटलं की साडूंना मिठी मारावी, पण मध्ये फाटक होतं.

"कुलपाला हात लावता येत नाही," साडू म्हणाले.

"कुलपाला नाही," साहेब म्हणाले आणि खांबाकडे बघत राहिले. "बिजागऱ्यांचं काय? करारात बिजागरीचा उल्लेख आहे?"

नव्हता! बिजागऱ्यांत तेल कुणी घालायचं यावरून दोन देशांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला होता, त्यामुळे तेल कुणीच घातलं नव्हतं आणि त्या गंजून नावापुरत्या उरल्या होत्या. साहेबांनी इकडच्या ट्रकवाल्यांना हाक मारली, साडूंनी तिकडच्या. "हं, उचला! जोर लावा!" कर्रकन आवाज झाला, धुरळा उडाला, आणि फाटक दोन्ही साखळ्या-कुलपांसकट उचलून लोकांनी रस्त्याकडेला आडवं ठेवलं.

बँड थांबला. मंत्री गाडीत एक पाय टाकून गोठले.

"दोन्ही देशांनी," साडू खणखणीत आवाजात म्हणाले, "नुसतं कुलूप न काढता..."

"...फाटकच काढून टाकायचा निर्णय घेतला आहे!" साहेबांनी पुरं केलं.

इकडच्या मंत्र्यांना वाटलं, ही तिकडच्यांची दिलदारी. तिकडच्यांना वाटलं, इकडच्यांची. आता मागे हटणारा कद्रू ठरणार! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग काय विचारता! टोमॅटो तिकडे, बटाटे इकडे, भोंगे, शिट्ट्या, आणि त्या गर्दीत दोन बहिणी अशा गळ्यात पडल्या की ट्रकवाल्यांनी त्यांना वळसा घालून ट्रक काढले. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते रुमालाने पुसले. खिशात तेवढाच होता ना!

"चला, आता आमच्याकडे चहा," साहेब उदारपणे म्हणाले.

"छे, आमच्याकडे!" साडू म्हणाले.

"कुणाकडे?" बायकोने पदर झटकला. पीठ उडालं. "दोन्ही घरांत पाय ठेवायला जागा आहे का? आम्ही दोघी चाललो आईकडे. ट्रकवाले दादा सोडणार आहेत."

"म्हणजे? परत कधी येणार?"

"घर आवरून झालं की कळवा," ताई ट्रकमध्ये चढत म्हणाली. "दोन्ही!"

ट्रक धूळ उडवत निघून गेला. आत दोघींचं बोलणं सुरूसुद्धा झालं होतं, लांबपर्यंत ऐकू येत होतं. रस्त्यावर उरले दोन साहेब, उपाशी, कडक इस्त्रीतले.

"दोघं मिळून आवरलं तर लवकर होईल," साडू खाकरून म्हणाले.

"अगदी बरोबर. सहकार्य हवंच."

"मग ठरलं. कुणाचं घर आधी?"

"आधी माझं!" दोघं एकदमच म्हणाले.

आणि दोन्ही देशांच्या संबंधांत त्या दिवशीचा पहिला खराखुरा पेच तिथे पडला.