चष्मेवाल्यांची ती

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. दारातल्या चपलांवरून मी घरात पाहुणे आल्याचं ओळखतो, आणि आत जाऊन बघावं तर पाहुणे असतातच. दिवसा मी घरोघरी पाण्याचे मीटर तपासतो, पण ते निव्वळ वेषांतर आहे.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी आमच्याकडे येऊन रडू लागल्या, तेव्हा त्यांना काहीतरी दुःख असावं हे मी तत्क्षणी ताडलं. त्यांच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान आहे. कित्येक आठवडे ते जेवताना गप्प असायचे, काही विचारलं की नुसतं 'हं' म्हणायचे, आणि झोपेत पुटपुटायचे, "आज ना उद्या तुला फोडणारच." वहिनींनी बहिणीकडे जायला बॅग भरून ठेवली होती. "कोण आहे ती, एवढं फक्त कळू दे, भावजी," त्या म्हणाल्या.

माझी बायको म्हणाली, त्यांनाच विचारून बघू या का. मी नुसता हसलो. असं विचारून गुन्हे उलगडायला लागले तर आम्ही गुप्तहेरांनी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो आणि गिऱ्हाईक असल्याचं भासवत एक चष्मा डोळ्यांवर चढवला. तो भलत्याच नंबरचा निघाला. मला दोन-दोन चष्मेवाले दिसू लागले, पण कान शाबूत होते. दोघंही फोनवर त्यांच्या घड्याळवाल्या मित्राशी बोलत होते.

"पुन्हा पहिल्यापासून बघितली. सतराला दाद देत नाही, एकोणिसाला देत नाही, तेविसालाही नाही." मग आवाज खाली आला. "तिच्या पोटात दोघं आहेत हे नक्की. दोघंही थोराड. शेवटी बत्तीस म्हणजे काय गंमत आहे?"

मी एका आरशाची माफी मागत बाहेर पडलो.

घरी वहिनी, बायको आणि कॉलेजात शिकणारी आमची मुलगी बसल्या होत्या. त्यांना मी उभ्यानेच निष्कर्ष सांगितले. बाईचं वय बत्तीस. तीन वेगवेगळ्या तारखांना तिने पळून जायला नकार दिला. कारण उघड आहे, जुळी होणार आहेत. आणि झोपेतली फोडाफोड लक्षात घेता चष्मेवाले लवकरच तिचा खून करतील. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. बायकोने स्वतःचा ढिला झालेला चष्मा उचलला, दुकानात गेली, आणि स्क्रू घट्ट करून परत आली.

"काय केलंस?" मी विचारलं.

"विचारलं," ती म्हणाली.

ती म्हणजे एक संख्या होती. बत्तीस अंकांची, एका जुन्या मासिकातल्या कोड्यात छापलेली. तिला फोडून तिचे दोन मूळ अवयव शोधायचे होते, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही असे. चष्मेवाले आणि घड्याळवाले पाठकोऱ्या कागदांवर तिला एकेका आकड्याने भागत बसले होते. खुनाची शक्यता अजून सोडू नये असं मी सुचवलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी चष्मेवाले ओशाळून खाली आले. तू हसशील म्हणून सांगितलं नाही, असं ते वहिनींना म्हणाले. वहिनी हसल्याच, डोळे पुसत बराच वेळ हसल्या. मग आमच्या मुलीने मदत म्हणून ती संख्या कॉम्प्युटरवर टाकली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दोन्ही अवयव समोर. चष्मेवाल्यांनी हाताने गुणाकार करून पाहिला, बरोबर आला. "छान," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्यानंतर ते जेवताना बोलू लागले, विचारलेल्याला उत्तर देऊ लागले, झोपेत तर चकार शब्द नाही. पण ताटातलं अर्धं तसंच राहायचं, आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीशी बसून राहायचे.

आठवडाभराने वहिनी पुन्हा आल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या मला ओलांडून मुलीकडे गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, हिच्याहून मोठी एखादी मिळेल का गं? लवकर फुटणारी नको."